ठिपका दिसला नाही तरी झोपा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

ताईचा मेसेज मिळाला. बाबा म्हणे रात्री उठून मोबाईलवर माझं जहाज शोधतात, आणि ठिपका दिसेना की आईलाही उठवतात. बाबा, त्या फुकटच्या ॲपला आमचा सिग्नल किनाऱ्यावरच्या अँटेनावरून मिळतो. तो पोचतो साधारण 40 सागरी मैल. आम्ही आता मादागास्करच्या खाली आहोत, किनारा कुठल्या कुठे राहिला. केप टाउनच्या बाजूला कदाचित दिसू, मग थेट ब्राझीलला. तोवर झोपा, आणि बीपीची गोळी चुकवू नका.

कामाचं विचारलंत. शेजारी "पोरगी जहाज चालवते" असं सांगत फिरू नका, इथले हसतील. कॅडेट म्हणजे शिकाऊ, सगळ्यांच्या हाताखालची. पहाटे चार ते आठ चीफ ऑफिसरबरोबर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, वॉच (पहारा), मग नाश्ता उरकून बॉयलरसूट चढवायचा आणि होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कोठारात, उतरायचं. पारादीपला कोळसा रिकामा केला, आता ब्राझीलच्या सँटोस बंदरात सोयाबीन भरायचंय. सात होल्ड, एकेक 18-20 मीटर खोल. आधी झाडायचे, मग समुद्राच्या पाण्यानं धुवायचे, शेवटी मीठ जावं म्हणून गोडं पाणी मारायचं. गोडं पाणी जहाजावरच बनतं, इंजिनाच्या उष्णतेवर. तरी वाया घालवलं की शिव्या. आपल्या नळाची सवय कामाला आली!

कोळशाची भुकटी फ्रेमच्या, म्हणजे होल्डच्या भिंतीवरच्या लोखंडी फासळ्यांच्या, मागे जाऊन बसते. बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, रत्नागिरीचे, बाबांच्याच वयाचे. बॅटरी मारून कोपरा दाखवतात आणि म्हणतात, "हा काय तुझा काका पुसणार?" सँटोसचा तपासनीस हात फिरवून बघतो, बोटाला काळं लागलं की भरणं बंद. 24 तासांत किमान 10 तास विश्रांती असा नियम आहे, तक्त्यात रोज भरून सही करते. होल्ड धुण्याच्या दिवसांत अंग मात्र तो तक्ता वाचत नाही.

आई, टाकीत उतरण्याचं ऐकून तू घाबरलीस. भीती खोटी नाही. बंद टाकीत लोखंड गंजतं आणि आतला ऑक्सिजन खातं. ना वास, ना धूर, उतरलेला माणूस कोसळतोच. म्हणून आधी पंख्यानं हवा मारतात, मग मीटर सोडतात. ऑक्सिजन 20.9 टक्के दिसल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही, आणि तोंडाशी एकजण वॉकीटॉकी घेऊन बसतो. आतापर्यंत तो एकजण मीच.

शेंगा चटणी अजून पुरतेय. कडक भाकऱ्या मात्र दमट हवेत वातड झाल्या, पुढच्या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात दे.

सँटोसला सिम घेतलं की फोन करीन. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, तेव्हा दोघं घरीच थांबा. यंदा गड्ड्याची जत्रा चुकली. ताईला नंदीध्वजांचे फोटो पाठवायला सांगा, पण लहान करून. इथे डेटा मोजून मिळतो.

तुमची,
धाकटी