सईच्या पाळीविषयी आई-बाबांना

पुणे

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार,

सईला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीजांडकोश आणि संप्रेरकांशी निगडित विकार) असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यापासून फोनवरचे आपले बोलणे दर वेळी दोनच प्रश्नांपाशी येऊन थांबते: पोटातल्या गाठी काढून टाकता येतील का, आणि लग्न झाले की हे आपोआप बरे होईल का. फोनवर आईला अवघडल्यासारखे होते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ज्या दिसल्या त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेत. दर महिन्याला बीजांडकोशात स्त्रीबीजांच्या इवल्या पिशव्या वाढू लागतात आणि त्यांतली एक पूर्ण वाढून तिच्यातून बीज बाहेर पडते. सईच्या बाबतीत अशा पुष्कळ पिशव्या काही मिलिमीटरपर्यंत वाढून तिथेच थांबतात. शिवाय निदान केवळ सोनोग्राफीवर झालेले नाही. पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा रक्तात तसा पुरावा असणे, आणि सोनोग्राफीत असे चित्र दिसणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, असा निकष 2003 साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी ठरवला आणि आजही मुख्यतः तोच वापरला जातो. सईची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही आणि हनुवटीवर राठ केस येतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध येण्याशी निगडित संप्रेरक) यांच्या तपासण्याही झाल्या, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते. त्या व्यवस्थित आल्या.

बाबा, मूळ कारणाचा एक धागा तुमच्या मधुमेहापाशी जातो, पण त्यात तुमचा कसलाही दोष नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेक जणींचे शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून ते अधिक इन्शुलिन तयार करते. हे वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला जास्त पुरुषी संप्रेरके बनवायला लावते, आणि या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते. त्यातून केस, मुरुमे आणि लांबलेली पाळी हे सारे उद्भवते. सईच्या मानेवरचा जो काळेपणा आई घासून काढायला सांगते, तोही बहुधा इन्शुलिनचाच परिणाम आहे. तो मळ नाही, आणि घासल्याने त्वचा फक्त दुखावेल. सई सडपातळ असूनही हे झाले याचे नवल वाटायला नको, कारण वजन वाढल्याने त्रास बळावतो, पण बारीक मुलींनाही हा विकार होतो.

आता लग्नाविषयी. ‘तोवर थांबू’ हे मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, आणि गर्भाशयाचे अस्तर गळून न पडता जाड होत राहते. असे वर्षानुवर्षे चालले तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी रक्तस्राव व्हावा किंवा औषधाने अस्तराचे रक्षण व्हावे, असे डॉक्टर सांगतात. लग्नाने यातले काहीही बदलत नाही. गर्भनिरोधक गोळ्या तिला याच कारणासाठी दिल्या आहेत. पाकिटावरचे नाव वाचून आईने त्या कपाटात लपवून ठेवू नयेत, आणि त्यांनी पुढे वंध्यत्व येते हा समजही खरा नाही. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, तेव्हा दोन महिन्यांत काही फरक नाही म्हणून त्या बंद करू देऊ नका.

मूल होण्यात कधी अडचण येते हे खरे आहे, पण तिच्यावर बीज बाहेर पडायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या औषधाची साधी, गोळ्यांची उपचारपद्धती आहे आणि अनेकींना तर उपचारांशिवायही दिवस राहतात. स्थळांना काय सांगायचे, केव्हा सांगायचे, हे सईला ठरवू द्या. मावशीला किंवा शेजारी कुणाला तिच्यामागे सांगणेही तितकेच चुकीचे आहे. साधारण दहा स्त्रियांमागे एकीला असणाऱ्या विकाराची लाज धरायची तरी कशासाठी?

जेवणाविषयी आईने फार धास्ती घेऊ नये. या विकारावर एकच असा खास आहार सिद्ध झालेला नाही. भात पूर्ण बंद करण्याची गरज नाही. भाकरी, उसळी, पालेभाज्या, ताक आणि अंडी हे आपल्या घरचे जेवण उत्तम आहे, फक्त चहातली साखर आणि बेकरीचे पदार्थ कमी करावेत. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालणे किंवा सायकल, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढे तिने ठरवले आहे. संध्याकाळी ती बाहेर पडते तेव्हा घरातले काम तिच्यासाठी राखून ठेवू नका. तिच्या हनुवटीकडे किंवा चेहऱ्याकडे पाहून काही बोलूही नका. या विकारात नैराश्य आणि चिंता अधिक आढळतात, आणि गेले काही महिने ती किती गप्प झाली आहे हे तुम्हीही पाहिले असेल.

पुढच्या भेटीत तिची ग्लुकोजची तपासणी आहे: रात्रीपासून उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचे, मग 75 ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. बाबांनी सोबत जावे आणि आपल्या मधुमेहाची सुरुवात कोणत्या वयात झाली ते डॉक्टरांना सांगावे. आई, तुझीही पाळी तरुणपणी अशीच लांबत असे का, आणि माझ्या वेळी गरोदरपणात साखर वाढली होती का, हे तूच सांगू शकतेस. संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून सईपाशी दे.

तुमची,
थोरली