लॅपटॉपच्या निमित्ताने

परळ, मुंबई

प्रिय मन्या,

‘पोरीला लॅपटॉप कुठला घेऊ, एचपी, डेल की लेनोवो, एका शब्दात सांग’ असं तू विचारलंस. एका शब्दात मावत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय. पोरगी बीएस्सी आयटीला मुंबईत येतेय आणि तुझ्या हातात चाळीस हजार आहेत, एवढं धरून चालतो.

आधी तुझी लेनोवोवरची अढी. ‘चायनीज नको’ म्हणतोस, पण बँकेतल्या ज्या काळ्या आयबीएमचं कौतुक तू अजून करतोस, तो थिंकपॅड 2005 सालापासून लेनोवोचाच आहे. आयबीएमने तेव्हा अख्खा पीसीचा धंदाच त्यांना विकला. शिवाय एचपी आणि डेलसुद्धा बरेचसे लॅपटॉप क्वांटा, कंपाल अशा तैवानी कंपन्यांकडूनच बनवून घेतात. तेव्हा नावावरून जातकुळी शोधण्यात अर्थ नाही.

खरा फरक एकाच कंपनीच्या दोन ओळींमध्ये, म्हणजे मालिकांमध्ये असतो. लेनोवोचा आयडियापॅड घरगुती गिऱ्हाइकासाठी, थिंकपॅड ऑफिससाठी. एचपीची साधी ‘15’ मालिका वेगळी, प्रोबुक-एलिटबुक वेगळे. डेलमध्ये इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड असेच दोन थर होते. 2025 मध्ये त्यांनी ही नावं बदलायला घेतली, पण जुन्या मशीनवर तीच दिसतील. ऑफिसवाल्या ओळीत बिजागरी दणकट, कीबोर्ड बरा, मागचं झाकण उघडून रॅम (चालू कामासाठीची मेमरी) वाढवणं सोपं. चाळीस हजारात नवा घेशील तर घरगुती ओळीतलाच मिळणार. आणि त्या ओळीत एचपी, डेल, लेनोवो, एसर, एसुस हे सगळे थोड्याफार फरकाने सारखेच, हे माझं ठाम मत. दुकानदार ज्याची भलामण जास्त करेल, त्यावर बहुधा त्याला मार्जिन जास्त सुटत असतं.

मग बघायचं काय? रॅम. आयटीच्या पोरांना कधी ना कधी अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, लागतोच, आणि 8 जीबीवर तो एम्युलेटरसकट (स्क्रीनवरच्या नकली फोनसकट) चालवायचा म्हणजे दमछाक. 16 जीबी बजेटमध्ये बसली तर उत्तम, नाहीतर निदान एक रॅमचा स्लॉट, म्हणजे ती बसवायची खाच, मोकळा हवा. काही मॉडेलांत सगळी रॅम मदरबोर्डलाच (आतल्या मुख्य पट्टीला) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डागलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. ‘स्लॉट आहे का’ हे दुकानदाराला विचारू नकोस, तो हो म्हणेल. मॉडेल नंबर मला पाठव, मी कंपनीच्या साइटवर बघून सांगतो.

प्रोसेसरचं नाव हे तर भूलभुलैया आहे. एएमडी कंपनीचा ‘रायझन 5 7520यू’ असा स्टिकर दिसला की 7000 मालिका म्हणून हुरळून जाऊ नकोस. आत झेन 2 आहे, एएमडीची 2019 मध्ये आलेली रचना, आणि कोअर (काम करणारे भाग) फक्त चार. त्यात रॅमही सोल्डर केलेलीच येते. त्यापेक्षा इंटेलचा बाराव्या जनरेशनचा (पिढीचा) आय3, म्हणजे 1215यू, मला बरा वाटतो.

आता माझा खरा सल्ला. रिफर्बिश्ड घे, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला. नाक मुरडू नकोस! कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, आणि तेच लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोडजवळच्या कॉम्प्युटर बाजारात, येतात. नव्या घरगुती मशीनपेक्षा कमी पैशांत ऑफिसवाली ओळ पदरात पडते, आणि उरलेल्या पैशांत रॅम आणि नवी बॅटरी होते. वॉरंटी मात्र दुकानाची असते, तीही थोडक्या महिन्यांची, म्हणून दुकान पारखून घ्यायचं. आणि एक सापळा टाळायचा: स्वस्तातला सहाव्या-सातव्या जनरेशनचा आय7. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या खाली विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. आय5-8250यू मधला तो पहिला 8 म्हणजे आठवं जनरेशन, तो बघायचा. आय7-7600यू असेल तर सरळ नमस्कार करून पुढच्या दुकानात.

ॲपलच्या मॅकबुकचं पोरीच्या मनात असेल तर समजूत घाल. वापरलेला एम1 एअर दिसतो मोहक, पण रॅम वाढत नाही आणि स्क्रीन फुटला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटेल.

वजनाचंही बघ. सकाळच्या विरार लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून उभं राहायचंय तिला. 14 इंची पुरे, 15.6 चा हट्ट नको. पावसाळ्यासाठी बॅगेला रेनकव्हर घेऊन दे.

शनिवारी ये. रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोडला उतर, मी पुलाखाली भेटतो. पोरीलाही आण, कीबोर्ड तिनेच बडवून बघायला हवा. बिल तिच्या नावावर आणि जीएसटीचंच घ्यायचं, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यायचा. ‘बिलाशिवाय इतके कमी’ असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे बघू नकोस, तिथून निघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या