फासे दिसले म्हणजे जुगार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या एका वाचनालयात माझ्या नातवाला आणि त्याच्या मित्रांना रविवारी दुपारी रिकामं टेबल नाकारण्यात आलं. त्यांच्याजवळ फासे होते आणि 'इथं जुगार चालत नाही' एवढंच कारण मिळालं. ही मुलं एरवी शहापूरला आमच्याच घरी खेळतात. मी निवृत्त गणित शिक्षिका आहे. त्यांचा खेळ मी जवळून पाहिलाय, म्हणून हे पत्र.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. एकजण 'डीएम' (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) होऊन कथेचं जग उभं करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. आपलं पात्र काय करणार ते तोंडानं सांगायचं; ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. पैसा कुणीच लावत नाही. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता पाच टक्के. परिस्थिती अनुकूल असली की 'ॲडव्हांटेज' मिळतं : फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. मग अकरा किंवा जास्त पडण्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, हे नववीतल्या एका मुलीनं मला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. वर्गात हाच धडा गळी उतरवायला किती तास जात, ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या बोलण्यातले शब्द ऐकले तर शिस्त कळते. आरंभी 'सेशन झीरो' : कथेत काय चालेल, कुणाला काय नको, हे बोलून घेतात. एकीनं साप नकोत म्हटलं, तेव्हापासून कथेत साप आलेला नाही. पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट स्वतःला ठाऊक म्हणून वापरली की 'मेटागेमिंग', आणि सगळे टोकतात. डीएम कथा आपल्याच मनासारखी ओढू लागला तर 'रेलरोडिंग नको' हे त्यालाही ऐकावं लागतं. दिसेल त्याला मारत सुटणारा 'मर्डरहोबो'. शब्द कानाला बरा नाही, पण मुलं तो दोष म्हणूनच वापरतात.

टेबलाभोवती मराठी माध्यमाची मुलं असतात, कन्नड माध्यमाचीही. कथा खानापूरच्या जंगलात घडते. मलप्रभेवरचा नावाडी हा 'एनपीसी', म्हणजे डीएमनं चालवायचं पात्र. तो फक्त कन्नड बोलतो, त्यामुळे पलीकडे जायचं तर मराठी मुलं अडखळत का होईना, कन्नडमध्येच त्याच्याशी भाडं ठरवतात. आपल्या बेळगावात मला हे फार मोलाचं वाटतं.

शाळांनी आणि वाचनालयांनी या मुलांना रविवारी जागा द्यावी, ही विनंती. पुस्तकं विकत घ्यायचीही गरज नाही. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. मुलं मोठ्यानं बोलतात, तेव्हा वाचनकक्षाऐवजी बाहेरचा व्हरांडा दिला तरी चालेल.

– एक आजी, शहापूर, बेळगाव