त्या हजार डॉलरबद्दल, शेवटचं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू दार आपटलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. 'शिष्यवृत्तीच्या पत्राचं दुसरं पान वाचलंस का?' हा एकच प्रश्न चौथ्यांदा विचारला की कुणीही चिडेल. म्हणून आज बोलत नाही, लिहितोय. दादा म्हणतो मेसेज कर. मला तेवढ्यात आवरत नाही.

आधी हे, की यूटी डॅलससाठी (टेक्सस विद्यापीठ, डॅलस) हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून तू काम भारी केलंस. फाफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीचा, फॉर्म भरून मी आणि आई कपाळाला हात लावून बसलो होतो. त्या फॉर्मला माझा पगार दिसतो, साताऱ्याला आजीच्या औषधांना जातात ते पैसे दिसत नाहीत. घरातली दोन मुलं एकदम कॉलेजात असली की थोडा दिलासा मिळायचा, तोही 2024-25 पासून गेला. म्हणजे दादाचा तुला काडीचा उपयोग नाही (हे त्याला दाखवू नकोस). आणि तू एकटीने टेक्ससचा तो नियम हुडकून काढलास. बाहेरच्या राज्यातल्या मुलीने स्पर्धेतून निदान 1,000 डॉलरची शिष्यवृत्ती मिळवली, तर विद्यापीठ तिला टेक्ससच्या मुलांच्याच दराने फी लावू शकतं. मी ऑफिसात तिघांना सांगितलं. दोघांना खरं वाटेना.

पण मनू, सगळा डोलारा त्या हजारावरच उभा आहे ना? ते गेले तर नुसते हजार जात नाहीत, सवलतीचा दरही जातो. "एक वर्ष राहिले की मी टेक्ससचीच होईन," म्हणालीस. तसं होत नसतं. आम्ही एडिसनला राहतोय आणि तुझा खर्च आमच्यावर आहे, तोवर कागदोपत्री तू न्यू जर्सीचीच. त्या पत्राचं दुसरं पान वाचलंस का? जीपीए किती राखायचा, किती क्रेडिट घ्यायचे, सगळं तिथे आहे. पहिल्याच सेमिस्टरला पाच-पाच विषय घेऊ नकोस. सकाळी आठचं कॅल्क्युलस तर अजिबात नको, तू उठत नाहीस. आणि यूटी डॅलसला बुद्धिबळाचं वेड आहे म्हणून रात्र रात्र...

झालं माझं सुरू. माफ कर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगलीला दुसऱ्या वर्षी मला गणितात एटीकेटी लागली. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, ती बंद झाली. घरी कळवलं नाही. मित्राच्या डब्यात जेवत दोन महिने काढले. दिवाळीला गेलो तर आजोबांच्या मधल्या बोटाला निळी शाई. उटणं लावतानाही निघेना. शाळा सुटली की ते एका अडत दुकानात वह्या लिहायला जात होते. ट्रस्टचं पत्र त्यांना केव्हाच आलं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत, 'फराळ घे' एवढंच. भाऊराव पाटलांच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका'मध्ये राबून शिकलेला माणूस तो. त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

तू नापास होशील असं मला वाटत नाही. गणितात तू आईवर गेली आहेस, देवाची कृपा. तू सांगणार नाहीस, याची भीती वाटते. माझीच मुलगी आहेस. मार्क घसरले तर मला आधी फोन कर, रात्री दोन वाजता केलास तरी चालेल. ओरडणार नाही. म्हणजे, थोडं ओरडेन.

1 मेच्या आत डिपॉझिट भर. माझं कार्ड तुझ्या निळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय. ऑगस्टमध्ये तुला सोडायला मी येणार आहे, त्यावर वाद नको.

तुझा,
बाबा

ता. क. दुसऱ्या पानाची झेरॉक्स मला काढून ठेव. विचारत नाहीये, फक्त ठेव.