डबीतल्या मिरीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला हळद आणि केमोवरचा लेख वाचला. हळदीने पोटाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात आणि केमोची ताकद वाढते, असा त्याचा सूर आहे. आज त्याची कात्रणं रुग्णांच्या फायलींत दिसू लागली, म्हणून हे पत्र लगेच लिहीत आहे.

हळदीने पोटाच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, हे खरं आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत मेल्या. लेखात ज्या 'एसजीसी-७९०१' पेशींचं एवढं कौतुक केलं आहे, त्या पोटाच्या नाहीतच. त्यांची डीएनए तपासणी झाली तेव्हा त्या हेला पेशी निघाल्या, म्हणजे १९५१ साली अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचा वंश. 'बीजीसी-८२३'चीही तीच गत. ही माहिती अनेक वर्षं उघड आहे. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असं ठोकून देण्याआधी कुणी तरी ती पाहायला हवी होती.

बरं, पेशी पोटाच्याच होत्या असं धरू. बशीत करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य रसायन, साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात ते किती दाट आहे याचं माप) ठेवतात आणि पेशी दोन-दोन दिवस त्यात बुडवून ठेवतात. माणसाचं काय होतं ते तैवानमध्ये २००१ साली मोजलं गेलं. रोज ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन देऊनही रक्तात सरासरी जास्तीत जास्त पावणेदोन मायक्रोमोलर मिळालं, तेही गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांनी, मग ते उतरत गेलं. हळदीत करक्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. पोटाचा मोठा भाग काढलेल्या माणसाला ही हळद कशातून द्यायची, हेही लेखकाने सांगून टाकावं.

दुधातली अर्धा चमचा हळद किंवा आमटीतली चिमूट, याला आमची हरकत नाही. भीती आहे ती हळदीच्या गोळ्यांच्या डबीची. बाजारातल्या अनेक डब्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: हळदीचा अर्क ५०० मि.ग्रॅ., मिरीचा अर्क ५ मि.ग्रॅ. ही मिरी चवीसाठी घातलेली नसते. १९९८ साली बंगळुरूत निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मि.ग्रॅ. पिपेरिन, म्हणजे मिरीतलं तिखट रसायन, दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं करक्युमिन वीसपट झालं. तुमच्या लेखात हा आकडा मोठ्या अभिमानाने चौकटीत टाकला आहे. वीसपट का झालं, हे मात्र चौकटीत नाही. पिपेरिन आतड्यातली आणि यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा अडवतं. ज्यांना ते अडवतं त्यांत सीवायपी३ए४ हे एन्झाइमही आहे आणि डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध शरीरात मोडतं ते मुख्यतः त्याच एन्झाइमने.

पोटाच्या कर्करोगात आज शस्त्रक्रियेच्या आधी चार आणि नंतर चार वेळा 'फ्लॉट' ही चार औषधांची केमो देतात, दर दोन आठवड्यांनी. त्यात डोसेटॅक्सेल प्रति चौरस मीटर ५० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे दीड चौरस मीटरच्या रुग्णाला ७५. हा आकडा डोसेटॅक्सेल नेहमीच्या वेगाने मोडलं जाईल असं धरून काढलेला आहे. दिवसाला तीन-चार डबीगोळ्या घेणाऱ्या माणसात ते मोडणं मंदावलं, तर तेच ७५ जास्त वेळ रक्तात राहणार. आठव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तशाही तळाला जातात, त्या आणखी खाली जातील. पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर आले नाहीत की पुढची केमो आठवडाभर लांबते किंवा डोस कापावा लागतो. केमोची ताकद वाढवायला घेतलेल्या गोळीने केमोच कमी होते ती अशी.

दुसरी वाट यकृताची. मिरीयुक्त हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. गुळवेलीच्या आपल्याकडेच आहेत, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्ण नोंदवले. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) नेहमीच्या मर्यादेच्या वर गेलं की डोसेटॅक्सेल द्यायचं नसतं. मग आम्ही कारण शोधत बसतो. गाठ यकृतात गेली का, की औषधाचा त्रास? स्कॅन होतात, पैसे जातात आणि चौथ्या दिवशी पिशवीच्या तळातून काढ्याची बाटली निघते.

वनस्पती वाईट, असं कुणी म्हणत नाही. डोसेटॅक्सेल स्वतःच यू झाडाच्या पानांतल्या संयुगापासून बनतं. पहिली केमो चालेनाशी झाली की द्यायच्या दुसऱ्या फळीतल्या इरिनोटेकॅनचं मूळ कॅम्प्टोथेसिन आहे. ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडतं आणि त्यापायी त्या झाडाची चोरटी तोड चालते. (त्यावर पुरवणी काढा, आनंदाने वाचू.) पण नरक्याचं साल उकळून कुणी पीत नाही.

सुंठेचा अभ्यास चांगला झाला आहे. उलटीच्या नेहमीच्या औषधांबरोबर, केमोच्या तीन दिवस आधीपासून, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम. पहिल्या दिवसाची मळमळ त्याने कमी झाली. प्लेटलेट ५० हजारांखाली असतील तर आम्ही तीही थांबवतो. जपानच्या 'गोशाजिंकिगान'ची गंमत उलटी आहे. दहा वनस्पतींचं हे मिश्रण ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने हातापायांना येणाऱ्या मुंग्या थांबवील या आशेने आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिलं. मुंग्या त्याच गटात जास्त आल्या आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. चाचणी घेतली म्हणून ते कळलं तरी.

कच्च्या गव्हांकुराच्या रसाबद्दल लेखात अर्धं वाक्य आहे, 'रक्त वाढवतो' म्हणून. ट्रेमधल्या त्या ओल्या मातीत बुरशीही वाढते. न्यूट्रोफिल ५०० पर्यंत उतरलेल्या माणसाने तो न गाळता, न उकळता प्यायचा आणि रात्री १०१ ताप आला की आमच्या दारात यायचं?

वाचकांसाठी एवढं तरी छापा. घेत असलेली प्रत्येक डबी, पुडी, बाटली केमोच्या आधी फार्मासिस्टला दाखवा. नाव सांगू नका, लेबल दाखवा, कारण 'आयुर्वेदिकच आहे' म्हणजे काय ते लेबलावरच कळतं. मिरी, पिंपळी, त्रिकटू किंवा पिपेरिन लिहिलं असेल तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका. लेबलावर प्रमाण नसेल तर गोळी घेऊच नका. आणि आधी घेतली असेल तर लपवू नका, कुणी रागावणार नाही. (रागावतात, मला माहीत आहे. तरी सांगा.)

जाता जाता. त्याच पानाच्या तळाशी 'गाठी विरघळवणाऱ्या' काढ्याची जाहिरात होती. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत, म्हणजे ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत, कर्करोगाचं नाव आहे. आपल्या जाहिरात विभागात त्याची प्रत नसेल तर पाठवतो. खुलासा छापणार असाल तर तो पुरवणीतच, त्याच जागी छापावा. लेख कापून ठेवणारे लोक आतलं सातवं पान कापून ठेवत नाहीत.

आपला,
कर्करोग विभागातला एक फार्मासिस्ट
(नाव छापू नये)