पालिकेने भाजी विकू नये, ओटे द्यावेत

मा. संपादक,

टोमॅटो-कांदा महागला की नाशिक महापालिकेने सहाही विभागांत स्वतःची स्वस्त भाजी केंद्रे काढावीत, ही मागणी पुन्हा वर येते. पालिकेने बाजारात लक्ष घालावे, यात वाद नाही. सार्वजनिक बाजार उभारणे हे तिचे बंधनकारक कामच आहे. मात्र तिने स्वतः तराजू हातात घेतला तर भाजी स्वस्त होईल का, हे एका क्रेटच्या हिशेबावर तपासून पाहावे.

समजा, बाजार समितीत टोमॅटोचा 20 किलोचा क्रेट 400 रुपयांना गेला. 2016 पासून भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदार भरतो. ती, हमाली आणि सिडको-सातपूरपर्यंतचे टेम्पोभाडे मिळून 60 रुपये धरा. तळाला दबलेला, फुटलेला आणि दिवसअखेर न खपलेला माल तीन किलो गेला, तर विकायला 17 किलो उरतो. म्हणजे विक्रेत्याची मजुरी धरण्याआधीच किलोला 27 रुपये पडले. ‘वीसचा माल चाळीसला विकतात’ म्हणणाऱ्यांनी हे सात रुपये आधी वजा करावेत.

आता पालिकेचे केंद्र घ्या. महिना 18 हजारांवर दोन माणसे ठेवली आणि रोज 200 किलो भाजी खपली, तरी किलोमागे सहा रुपये पगारातच गेले. वीज आणि लेखापरीक्षण वेगळे. त्यात हातगाडीवाला रात्री आठला 40 चा टोमॅटो 25 वर आणून गाडी रिकामी करतो. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला मंजूर दराखाली विकण्याचा अधिकार नसतो, आणि असला तरी उद्या खुलासा कोण लिहीत बसणार? माल दुसऱ्या दिवशी फेकला जातो. खरेदी निविदेने केली तर आणखी एक गोची आहे. लिलावाचा भाव रोज हलतो, पण वर्षभराचा दर भरताना पुरवठादार महागाईच्या दिवसांचा भाव आधीच त्यात धरून ठेवतो.

अमेरिकेत फ्लोरिडातील बाल्डविन या छोट्या गावाने 2019 मध्ये स्वतःचे किराणा दुकान काढले. उलाढाल छोटी असल्याने मोठ्या साखळी दुकानांच्या भावात खरेदी जमेना. 2024 मध्ये ते बंद झाले. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने 1993 नंतर निराळा रस्ता धरला. जागा शहराची, विक्रेता खासगी. सुमारे 20 जिनसा शहराने ठरवलेल्या दराने विकायच्या, बाकी मालाचा भाव त्याचा तो ठरवणार, आणि शनिवार-रविवारी शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत गाडी न्यायची, ही अट. नाशिकला हेच जमण्यासारखे आहे.

पालिकेने मोक्याच्या जागी नाममात्र भाड्याने ओटे द्यावेत आणि आठ-दहा रोजच्या भाज्यांना दराचे बंधन घालावे. हा दर रुपयांत ठरवू नये. आदल्या लिलावाच्या सरासरी भावावर ठरावीक टक्के, असा तो असावा आणि रोज सकाळी ओट्यावरच्या फळ्यावर लिहावा. आठवड्याचा दर बांधला की लिलाव चढताच ओटा बंद दिसेल, उतरताच शेजारची हातगाडी स्वस्त पडेल. टक्केही सरसकट नकोत. कांदा-बटाट्याला 30 पुरतील, टोमॅटोला 60 लागतील. मेथी-कोथिंबिरीला 80 च्या खाली कोणी उभा राहणार नाही, कारण ती शेकड्याने घ्यावी लागते आणि उन्हाळ्यात दुपारी जुडी मान टाकते.

दर बांधला की पळवाट निघते ती प्रतीत. बांधील भावाला गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि शेजारी जादा भावाने मोठा, हे पहिल्याच आठवड्यात दिसेल. म्हणून दरासोबत आकार आणि प्रतही लिहून द्यावी. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनकाटे तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का नसेल तर ओटा उघडूच देऊ नये. शंभर ग्रॅम मारले की सगळी स्वस्ताई तिथेच संपते.

पालिकेने पैसा घालायचाच तर तो वाहतूक आणि नासाडीवर घालावा. वीस ओट्यांचा माल एका गाडीने आला आणि क्रेटमागे 20 रुपये वाचले, नासाडी तीनवरून दीड किलोवर आली, तर वरचा 27 चा टोमॅटो 24 च्या आत पडतो. लिलावाच्या 20 रुपयांवर 60 टक्के धरून ग्राहकाला 32 ने देऊनही ओटेवाल्याला किलोमागे आठ रुपये राहतात. मात्र त्यासाठी सगळ्यांची मिळून एकच शीतखोली बांधू नये. पालेभाजीला शून्याच्या जवळची थंडी लागते, तर टोमॅटो 10 अंशांच्या खाली मऊ पडून चव घालवतो. कांद्याला तर थंडीपेक्षा कोरडी, खेळती हवा हवी.

एक गोष्ट नाशिकमध्ये विसरून चालणार नाही. 2023 मध्ये केंद्राने राखीव साठ्यातला कांदा किलोला 25 रुपयांनी विकला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले. शहरातल्यांचा पिशवीभर कांदा स्वस्त झाला, पण भार निफाड-येवल्याच्या शेतकऱ्यांच्या कांदाचाळींवर पडला. त्यामुळे पालिकेने दराचे बंधन लिलावानंतरच्या टप्प्यांनाच लावावे. लिलावात स्वतः उतरून भाव पाडू नयेत आणि सवलतीचा माल आणून ओट्यांवर ओतूही नये. पंचवटी आणि नाशिकरोड या दोन विभागांत उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही हंगाम हे करून पाहावे. रोजचा लिलावभाव, ओट्याचा दर आणि फेकलेला माल यांची नोंद प्रभाग समितीसमोर दरमहा ठेवावी.

— एक वाचक, नाशिक