आधी पाणी पिकवा, मग मासा आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आमच्या सोसायटीत एका मुलाचा वाढदिवस झाला. निघताना प्रत्येक पोराच्या हातात रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत ओंजळभर पाणी आणि त्यात एकेक गोल्डफिश. आमची नात तिसरीत आहे. तिनं लिफ्टमध्येच माशाचं नाव ठेवलं, जिलबी. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून काचेचा गोल बोल, रंगीत खडे आणि खाण्याची डबी आणली. ‘पाणी बदलत राहा, बाकी काही नाही,’ दुकानदार म्हणाला.

ते मी मनापासून केलं. दर रविवारी सगळं पाणी ओतून द्यायचो, खडे भांड्यांच्या साबणानं चकाचक घासायचो आणि नळाखाली बोल गळ्यापर्यंत भरायचो. तिसऱ्या रविवारी दुपारी जिलबी वर येऊन तोंडानं हवा ओढू लागली. कल्ले लालभडक झाले होते. सोमवारी सकाळी ती आडवी तरंगत होती. नातीनं तिला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता लाजेची गोष्ट. मी ३१ वर्षं जलशुद्धीकरण केंद्रावर नोकरी केली आहे. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायची, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की डोस किती वाढवायचा, शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतो की नाही, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. जो क्लोरीन माणसाला पटकी-काविळीपासून वाचवतो तोच माशाचे कल्ले जाळतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर नळाचं ताजं पाणी त्या बोलमध्ये ओतताना एकदाही डोक्यात आलं नाही.

आणि क्लोरीन हे अर्धंच कारण. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. त्याच पाण्यात तो श्वास घेतो. नदी-तळ्यात हा अमोनिया खाणारे जिवाणू दगडांवर, वाळूवर बसलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच निरुपद्रवी. नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू नसल्यासारखेच असतात. जे थोडेफार खड्यांवर बसत असतील ते मी दर रविवारी साबण लावून धुऊन टाकत होतो.

माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी जुनी मंद वाळूगाळणी होती. वाळूच्या वरच्या थरावर जिवाणूंची एक बुळबुळीत साय धरते, खरं काम तीच करते. साय फार जाड झाली की खरवडायची, आणि मग गाळणी पुन्हा ‘पिकेपर्यंत’, म्हणजे नवी साय धरेपर्यंत, तिचं पाणी गावाला सोडायचं नाही. आमचे साहेब याबाबत फार कडक होते. हे सगळं माहीत असलेला माणूस बोलमधले खडे साबणानं घासत होता!

ऑगस्टमध्ये नवी टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर, म्हणजे तेवढेच किलो नुसतं पाणी. म्हणून टीपॉयवर न ठेवता कडप्प्याच्या ओट्यावर, खाली थर्माकोल घालून, खिडकीच्या उन्हापासून लांब. जुने खडे आणि जाळी टीसीएलच्या पाण्यात बुडवून, भरपूर धुऊन कडक उन्हात वाळवली. त्या कामात माझा हात बसलेला आहे. पाण्यात क्लोरीन मारायला हायपोचे खडे टाकले. स्पंजचा फिल्टर सुरू केला. आणि मासा आणला नाही.

पाच आठवडे आमच्या हॉलमध्ये रिकाम्या टाकीत बुडबुडे निघत होते. जिवाणूंना अमोनिया हवा, म्हणून मी रोज सकाळी चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात टाकायचो. ते कुजून अमोनिया होतो. शेजारचे काका रोज डोकावून विचारायचे, ‘पारदर्शक जातीचे आहेत का हो मासे?’ सौ.ला वाटलं मला निवृत्ती मानवली नाही.

नात मात्र माझ्याशी पुन्हा मोकळेपणी बोलू लागली ती याच काळात. तपासणीचे थेंब मिळतात. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि तक्त्याशी रंग जुळवायचा. आमच्या केंद्रावरच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. इथे पिवळा म्हणजे अमोनिया नाही, आणि हिरवा म्हणजे आहे. दुसऱ्या आठवड्यात नळी पोपटासारखी हिरवीगार झाली. मग हिरवा उतरू लागला आणि नायट्राइटच्या नळीत जांभळा चढला. नात रोज कॅलेंडरच्या चौकोनात स्केचपेननं तो-तो रंग भरायची. गणपतीच्या आरतीआधीसुद्धा तपासणी झाली. छत्तिसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची आकाशी निघाली, म्हणजे दोन्ही विषं संपली, तेव्हा ती जिना उतरून काकांना दाखवायला गेली.

तिला जिलबीच हवी होती. पण गोल्डफिश सहा-आठ इंच वाढतो, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाणही भरपूर करतो. त्याला आमची ही टाकीसुद्धा अपुरी, मग बोलची काय कथा? शेवटी घोळक्यानं राहणारे सहा झेब्रा आणले. इवलेसे मासे, मूळ आपल्याच भागातले. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात मिसळलं. मासे जाळीनं घेतले, दुकानाचं पाणी बाहेर टाकलं. आता आठवड्याला फक्त चौथाई पाणी बदलतो आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो, नळाखाली नाही.

दुकानदारांना विनंती एवढीच, की टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका. आज टाकी न्या, महिन्यानं मासे न्यायला या, असं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल असं वाटतं ना? मेलेल्या माशानंतर ते तसंही फिरकत नाही. आई-बाबांनो, रिटर्न गिफ्टला पेन्सिली द्या, लाडू द्या, जिवंत प्राणी नको. त्या दिवशी वाटलेल्या माशांपैकी आज किती उरले, हे मी सोसायटीत विचारलं. एकही नाही. एका घरानं तर ‘मोकळा होऊ दे’ म्हणून तळ्यात सोडला. बाहेरून आणलेले मासे असे सोडल्यानं तळ्यातल्या मूळ माशांचे हाल होतात, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तो गोल बोल आता स्वयंपाकघरात आहे. सौ. त्यात लसूण ठेवते.

पत्राखाली माझं नाव छापू नये. खात्यातली जुनी मंडळी सकाळी चहाबरोबर आपलाच पेपर वाचतात.

– एक निवृत्त जलशुद्धीकरण कर्मचारी, सातारा